वशिंडवालं कार्ड

आमच्या ह्यांची एक खोड लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी गेली नाही. स्वतःचं म्हणून काही आवडतच नाही. हळदीच्या जेवणाला बसले तर आपल्या पानातलं मटण सोडून शेजारच्याच्या पानातले तुकडे मोजतात. आमच्या विहिरीचं पाणी अख्ख्या टेमघरने प्यालेलं, पण हे पडघ्याला व्याह्यांकडे जाऊन तांब्याभर पिऊन येतात आणि दारातूनच मला ऐकवतात, "अगो, त्यांचं पानी काय गोड हाय." मी म्हणते, मग तिकडंच ऱ्हावा, कपडे पाठवून देते.

ह्यांचं नाव केसरीनाथ. व्याही म्हणजे लडकूशेठ, माझ्या सुनेचे, क्षितिजाचे वडील. दोघेही पूर्वी बैलांच्या शर्यतीतले. आता शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, बैल गेले, दोघांच्या कमरा गेल्या, पण हौस काही गेली नाही. क्षितिजाने कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. लग्नाआधी तिने बापाला कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ शिकवला आणि इकडे आल्यावर सासऱ्याला. दीपेशने, म्हणजे माझ्या मुलाने, गोडाऊनच्या पावत्या छापायला कॉम्प्युटर घेतला होता. पावत्या राहिल्या बाजूला. सकाळचा चहा झाला की हे त्याच्यापुढे बसत आणि वळण आलं की खुर्चीवर तसेच कलत.

मला त्याचंही काही नव्हतं. माणूस घरात बसलेला असला की निदान कुठे आहे ते कळतं. पण एका रविवारी हे पडघ्याहून आले ते तोंड पाडून.

"लडकूशेठच्या खेळातल्या झाडाला पानं हायत," हे म्हणाले.

"मग झाडाला काय शिंगं असतील?"

"आपल्या झाडाला न्हायत. आपलं झाड म्हंजे नुसता हिरवा गोळा. आनि रस्ता म्हंजे भिजलेलं गोनपाट. त्यांनी नवीन कार्ड घातलंय. एक जीबी."

कार्ड म्हणजे काय ते मला क्षितिजाने सांगितलं. कॉम्प्युटरच्या पेटीत एक पट्टी असते, पडद्यावरचं चित्र ती ओढते. पट्टी दमली की चित्र दमतं. एवढं कळायला शाळा लागत नाही.

"बरं मग?" मी ह्यांना विचारलं, कारण चपला काढायला हे फार वेळ लावत होते.

"पुढच्या रविवारी शर्यत ठरलीय. ते आपली पेटी घेऊन इकडं येनार."

"येऊ देत. जेवाय घालू."

"त्यांनी पैजेला शेंब्या लावल्यात. त्यांच्या बैलाच्या शिंगांच्या टोकांना घालायच्या, पितळी."

"आनि तुमी?"

 ह्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं.

त्या खिळ्याला काजळ्याची घुंगरमाळ आहे. काजळ्या माझ्या माहेरचा बैल. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या बापाने खोंड म्हणून पाठवला. त्याला मी हाताने सरकी चारली, उन्हाळ्यात माझ्या वाटणीचा पंखाही त्याला लावला. चौदा मैदानं मारली त्याने. तो गेला तेव्हा माळ काढून मी खिळ्याला टांगली आणि दर दसऱ्याला चिंच लावून घासते. अशी ती माळ, आणि ह्यांनी मला न विचारता पैजेला लावली. त्या दिवशी मी ह्यांना वाढलं, पण मीठ मागितलं तेव्हा ऐकू आलं नाही असं केलं. माळ पडघ्याला जाणार नव्हती, हे माझ्यापुरतं तेव्हाच ठरलं. मग त्यासाठी कार्ड लागत असेल तर कार्ड.

मंगळवारी हे, क्षितिजा आणि मी कल्याण नाक्यावर भाविकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. पैसे माझ्याकडे होते. नारपोलीत एक पॉवरलूमचा गाळा माझ्या नावावर आहे, त्याचं भाडं मी कुणाला दाखवत नाही.

भाविक शहाणा पोरगा. म्हणाला, "काकी, तीन प्रकार असतात. खालचं घेतलंत तर सहा महिन्यांत पुन्हा याल. वरच्याच्या किमतीत एक म्हैस येईल. तुम्ही मधलं घ्या."

"मधल्यात बी चांगलं-वाईट असंल ना?"

"तोच तर घोळ आहे, काकी. वरचं कुणीही निवडेल. मधलं निवडायला डोकं लागतं." असं म्हणून त्याने दोन खोकी पुढे ठेवली. दोन्हींची किंमत जवळपास सारखी.

एका खोक्यावर तलवार घेतलेली बाई होती आणि मोठ्या आकड्यात एक जीबी लिहिलं होतं. ह्यांनी ते खोकं छातीशी धरलं. "हेच. लडकूशेठकडं हेच हाय. हीच बाई."

दुसऱ्या खोक्यावर चित्र नव्हतं. पाचशेबारा एमबी, म्हणजे अर्धा जीबी, लिहिलं होतं.

क्षितिजा म्हणाली, "बाबा, नुसत्या जीबीवर जाऊ नका. त्यात चिप जुनी आहे, मेमरी वरून भरलीय. पाचशेबारावालं जास्त पळतं."

मी तिच्याकडे बघितलं. पोरगी हुशार, कामाला चांगली, पण बाप कोण? लडकूशेठ. बापाच्या पेटीत एक, आणि आम्हाला सांगते अर्धं घ्या. ह्यांचं ऐकण्यात अर्थ नव्हता, कारण हे व्याह्यांचंच मागत होते. तिचं ऐकण्यातही धोका होता. मग उरले मी.

"उघड दोनी खोकी," मी भाविकला म्हटलं.

"काकी, सील तोडलं तर मला परत विकता येत नाही."

"बैल पोत्यात घालून कोनी घेतलाय का आजपर्यंत?"

त्याने उघडली. मी दोन्ही पट्ट्या काउंटरवर उजेडात ठेवल्या. आधी दात बघितले. पट्टीच्या खालच्या कडेला सोन्यासारखे बारीक दात असतात. दोन्हींचे सारखे, एकही पडलेला नाही, म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता. मग अंगकाठी. तलवारवालीचं कार्ड लांबलचक, पाठ खोलगट, उचललं तर पत्र्याच्या डब्यासारखं हलकं. असे बैल बाजारात उभे असताना फार देखणे दिसतात आणि पहिल्याच चढाला बसतात. दुसरं आखूड पाठीचं, अंगाला भरीव, आणि वर तांब्याचं हे एवढं वशिंड.

"हे वशिंड कशाला?" मी विचारलं.

"ते हीटसिंक, काकी. चिप जोरात चालते ना, गरम होते, म्हणून लागतं."

"आनि हिचं एवढंसंच?"

भाविक जरा घुटमळला. "तिला तेवढं लागत नाही."

जो पळतच नाही तो तापेल कशाला? मी पाचशेबारावर हात ठेवला. "हे बांध. बिल पार्वती केसरीनाथ भोईर या नावानं."

"अगो, पन ते एक हाय, एक. हे त्याच्या निम्मं," हे म्हणाले.

"तुमी बी लग्नात माज्यापरीस उंच होतात. काय उपेग झाला?"

क्षितिजा तोंडाला पदर लावून हसली. तिचं म्हणणं खरं ठरलं म्हणून हसली की मला हसली, ते मला कळलं नाही. तेवढ्यात भाविक म्हणाला, "एक सांगतो, याला पॉवरची वेगळी वायर लागते. खोक्यात दिलेली आहे."

मला तर बरंच वाटलं. धावत्या बैलाला वेगळा खुराक लागतोच.

"आई," क्षितिजा म्हणाली, "आपल्या पेटीतला पॉवर सप्लायचा डबा याला पुरणार नाही. तोही बदलून घेऊ."

"त्याच्यावर किती लिवलंय?"

"चारशे वॅट. पण लिहिलेलं असतं तेवढं तो देत नाही. स्वस्तातला आहे."

"छापलेलं हाय ना? मग लोक काय खोटं छापतात?"

घटकेपूर्वी मी एक जीबी छापलेलं खोकं बाजूला सारलं होतं, हे माझ्या लक्षात होतं. तिच्याही होतं. खरं सांगायचं तर सुनेचं त्या दिवशी एकदा बरोबर निघालं होतं. एकाच दुकानात दोनदा निघू द्यायचं नव्हतं.

घरी येऊन तिने कार्ड बसवलं. खेळ लावला. झाडांना पानं आली, पानांच्या सावल्या आल्या, मोटारीच्या काचेत मागचा डोंगर दिसायला लागला. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"लडकूशेठच्या झाडाला थोडी जास्त पानं हायत," हे म्हणाले आणि गाडी सोडली.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणाला पेटी धप्प करून बंद पडली. चालू केली, पुन्हा दुसऱ्या वळणाला बंद. बुधवारभर तेच. क्षितिजाने एकदा तोंड उघडलं, मी तिला तांदूळ निवडायला दिले.

ह्यांचं मत पडलं की पेटी तापते. म्हणून पेटीचं झाकण काढून पुढे टेबलफॅन लावला. माझं मत पडलं की नजर लागली, कारण शेजारची बकुळा दोनदा येऊन "कवढ्याला घेतलंत?" विचारून गेली होती. म्हणून मी मीठ-मोहरी ओवाळली आणि पेटीला लिंबू-मिरची बांधली. गुरुवारी नारपोलीच्या गाळ्यावरचा फिटर, अनंता, त्याला बोलावलं. त्याने लूमला लावतो तसा पेटीच्या बाजूला कान लावला आणि म्हणाला, "काकी, व्होल्टेज खाली-वर होतोय. याला स्टॅबिलायझर पायजेल."

घरात स्टॅबिलायझर एकच, फ्रीजचा. तो काढून पेटीला लावला.

आणि काय सांगू, शुक्रवारी गाडी तिसऱ्या वळणापर्यंत गेली. हे म्हणाले फॅनमुळे, अनंता म्हणाला स्टॅबिलायझरमुळे. मी नुसतं लिंबू बदललं. खरं कारण मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी खाडीवरून जिताडा मासा मागवला. चांगला अडीच किलोचा, डोळे कसे काचेसारखे. व्याही यायचे तर पानात जिताडाच पाहिजे. साफ करून, मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवला. ह्यांनी स्टॅबिलायझर काढलाय हे मी पेटीच्या नादात विसरले होते. दुपारभर व्होल्टेज एवढं पडलं की ट्यूब पेटेना, आणि फ्रीज कधीतरी गप झाला. रविवारी सकाळी मी दार उघडलं आणि ताबडतोब लावलं. मांजरसुद्धा आलं, वास घेतला आणि गेलं.

आता व्याह्यांना काय घालायचं? घरात वांगी होती आणि डब्यात सुके बोंबील. पडघ्याहून माणूस पैज मारायला येतोय आणि भोईरांच्या घरी त्याला वांगं-बोंबील. मी ह्यांना म्हटलं, "माळ वाचली न्हाय तर आज इज्जतीतलं कायच वाचनार न्हाय."

"वाचंल गो," हे म्हणाले. पण आवाज बसला होता.

लडकूशेठ दहाला आले. जीपमध्ये मागच्या सीटवर पेटी, गोधडीत गुंडाळलेली, वरून पट्टा बांधलेला. नातवंडाला आणावं तसं तिला कडेवर घेऊन उतरले. दीपेश बाप आणि सासरा यांच्या मधे नको म्हणून गोडाऊनवर निघून गेला.

"विहीनबाई, वास कसला येतोय?" लडकूशेठने आत येताच विचारलं.

"पेटीची नजर काढली," मी म्हटलं आणि खिडक्या उघडल्या.

दोन्ही पेट्या समोरासमोर मांडल्या. मधे वायर जोडली. लडकूशेठने शेंब्या रुमालातून काढून टेबलावर ठेवल्या. शर्यत सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण, धप्प. आमची पेटी काळी. ह्यांनी पुन्हा चालू केली. पुन्हा धप्प. फॅन फिरतोय, स्टॅबिलायझर गुरगुरतोय, लिंबू लटकतंय, आणि लडकूशेठची मोटार एकटीच पुढे चाललीय.

"केसरीशेठ, बैल बसला की काय?" लडकूशेठने विचारलं.

"बैल नाही बसला," क्षितिजा म्हणाली. "पप्पा, बैल चांगला आहे. खुराक कमी पडतोय. पेटीतला पॉवर सप्लाय दुबळा आहे."

मी तिच्याकडे बघितलं नाही. सासूने सुनेकडे बघू नये अशा काही वेळा असतात.

मग तिनेच तोड काढली. बापाच्या पेटीतला पॉवर सप्लाय दणकट होता, कारण तो तिनेच घेऊन दिला होता. ती म्हणाली, गाडी एकच ठेवू, पप्पांची पेटी. बैल आळीपाळीने जुंपू. पप्पांचं कार्ड लावून एकाने तीन फेऱ्या मारायच्या, मग ते काढून आपलं लावून दुसऱ्याने. वेळ कॉम्प्युटर सांगेल. कमी वेळ त्याची पैज.

लडकूशेठला पटलं. मलाही पटलं. मी आत भाकऱ्या थापायला गेले, कारण माळ आता सुरक्षित होती. आमचं वशिंडवालं कार्ड, दणकट गाडी आणि हे हाकणारे. ह्यांना हाकता येतं, ते मी नाकारत नाही.

पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेरून ह्यांचा आवाज आला.

"लडकूशेठ, असं करू. तुमी पावने. तुमच्या कार्डावर मी चालवतो, आमच्यावर तुमी चालवा. म्हंजे कोन बोलाय नको."

माझा हात पिठात तसाच राहिला. पाहुणचार वगैरे काही नव्हता. तलवारवालीला हात लावायची इच्छा ह्यांना मंगळवारपासून होती.

लडकूशेठ "चालंल" म्हणाले, आणि इतक्या पटकन म्हणाले, की मला कळलं. महिनाभर ते कार्ड त्यांच्या घरी होतं. त्याचे गुण त्यांना माहीत होते.

मी हात झाडत बाहेर येईपर्यंत हे खुर्चीत बसले होते. गाडी सुटली. झाडांना पानं भरपूर होती, पण प्रत्येक वळणाला चित्र थबके, श्वास घ्यायला थांबल्यासारखं, आणि मग एकदम पुढे उडी मारी. ह्यांनी उजवीकडे वळवायचं तोवर वळण मागे गेलेलं असे. पहिल्या फेरीत गाडी कुंपणात. दुसऱ्या फेरीत मेंढरांच्या कळपासारख्या दिसणाऱ्या दगडांत. तिसऱ्या फेरीत पूल आला, चित्र थांबलं, आणि पुन्हा चाललं तेव्हा गाडी नदीत होती.

"ब्रेक लागत न्हाय याचा," हे म्हणाले.

सात मिनिटं वीस सेकंद लागली. क्षितिजाने ते कार्ड काढून आमचं बसवलं. लडकूशेठ बसले आणि गाडी अशी गेली की काय सांगू. न थांबता, न अडखळता, पानं सळसळत. लडकूशेठचे डोळे भरून आले होते. तीन फेऱ्या चार मिनिटं पाच सेकंदांत. खुर्चीतून उठून त्यांनी आधी कार्डाच्या दिशेने हात जोडले.

मग ते भिंतीकडे वळले. "केसरीशेठ, वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले आणि खिळ्याकडे हात नेला.

"लडकूशेठ, थांबा," मी म्हटलं. माझ्या कोपरापर्यंत पीठ होतं. "एक विचारते. तुमचा बैल त्या साली वांगणीच्या मैदानात पयला आला. हाकत कोन होता?"

"रामनाथ."

"फेटा कोनाला बांधला?"

"मला," लडकूशेठ अभिमानाने म्हणाले. "नाव बैलवाल्याचं लागतं, विहीनबाई. हाकनारा कोन का असंना."

"मग रामनाथला काय मिळालं?"

"त्याला रीतीप्रमानं नारळ आनि टावेल..." एवढं बोलून लडकूशेठ थांबले. त्यांचा हात खिळ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"बैल कोनाचा पळाला?"

लडकूशेठने पेटीकडे बघितलं. क्षितिजाने बिलाचा कागद आधीच टेबलावर ठेवला होता, नाव वर येईल असा. हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझी सून आहे ती, लडकूशेठची मुलगी आधी होती.

लडकूशेठने कागदावरचं माझं नाव बोट ठेवून वाचलं. मग पोट धरून हसले. "बैल तुमचा, विहीनबाई. हाकला मी. द्या माजा नारळ."

मी देव्हाऱ्यातला नारळ आणला, कपाटातला नवा टॉवेल आणला, आणि त्यांच्या खांद्यावर घातला. त्यांनी शेंब्या दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरल्या. मी त्या क्षितिजाकडे दिल्या आणि म्हटलं, "माळेच्या बाजूला टांग. आनि उद्या तो पॉवरचा डबा घेऊन ये, तू सांगतेस तो."

हे इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. शेंब्या हलल्या तशी ह्यांच्या तोंडावर कळा आली. पुढे येऊन छाती काढून म्हणाले, "म्हंजे अगो, आपन जिंकलो."

"आपन कोन?" मी म्हटलं. "बैल माजा, म्हनून जिंकले मी. दुसरा बैल लडकूशेठचा, म्हनून हारले ते. त्यांनी हाकला बी चांगला, त्याचा नारळ त्यांना पोचला. तुमी मागून घेतलेला बैल नदीत घातलात, तुमचं नाव कुठल्याच बाजूला लागत न्हाय. तुमी बघ्यांतले. शर्यत संपली की बघ्यांनी घरी जायचं असतं. तुमचं घर हेच निघालं म्हनून थांबा, आनि व्याह्यांना वांगं वाढायला घ्या."